त्रासाचा रकाना

डॉक्टर वही चाळत होते. वेधशाळेत छत्तीस वर्षं पारा नोंदवलेल्या अच्युतरावांनी बायकोच्या उदासीवरच्या दोन्ही गोळ्यांच्या नोंदी त्याच शिस्तीत ठेवल्या होत्या. रोज सकाळी साडेआठला, तीन रकाने: झोप, भूक, त्रास. पहिल्या गोळीवर तीन महिने झोप शांत, त्रास ‘नाही’. दुसरीवर मळमळ, हाताला कंप आणि झोपेचं खोबरं.

“यावरून तर पहिलीच बरी दिसते,” डॉक्टर म्हणाले. “परत तीच सुरू करू या?”

“पहिली नको,” कुमुदताई म्हणाल्या.

“अगं, तिचा तुला काहीच त्रास नव्हता. सगळं लिहिलंय मी,” अच्युतराव म्हणाले.

“त्या गोळीवर असताना माझी धाकटी बहीण गेली, डॉक्टर. कडेवर खेळवलेली मी तिला. तिला नेलं, तरी माझ्या डोळ्याला पाणी नाही. दारात उभी राहून मी आपली लोकांच्या चपला बघत होते. परवा तिचं जुनं पातळ हाती लागलं नि पोटभर रडले. हात कापतो, तर कापू दे.”

“मग दुसरीच ठेवू. डोस कमी करून बघू,” डॉक्टर हळूच म्हणाले.

अच्युतरावांनी वही ओढून घेतली आणि मेहुणी गेली त्या दिवसाचं पान काढलं. ‘झोप आठ तास. भूक ठीक. त्रास नाही.’

अख्ख्या नोकरीत त्यांनी एकाही नोंदीत खाडाखोड केली नव्हती. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि ‘नाही’ तेवढं खोडलं.