कोंबडीचा जबाब

सुनेनं खुराड्यात बसायला बांबूच्या दांड्या ठोकल्या, खाली भाताचं तूस पसरलं, पिसवा होऊ नयेत म्हणून लोळायला राखही ठेवली. तरी एक अंडं म्हणून नाही.

"आम्ही डालग्याखाली झाकून कोंबड्या वाढवल्या. हिचं खुराडं बघा, जशी जावयाची खोली!" हौसाक्का कोंबड्या वाटणाऱ्या योजनेच्या तपासनीस बाईंना म्हणाल्या. "विचारा कोंबडीलाच, आणि न्या सगळ्या परत."

हल्ली कोंबडीच्या जबाबावरच निकाल लागे. बाईंनी एकीच्या गळ्यात बोलपट्टी बांधली. आता सुनेची फजिती होणार म्हणून हौसाक्कांनी पदर खोचला. रेश्मा मान खाली घालून उभी होती. या पहिल्यावहिल्या कोंबड्या तिनं हट्टानं आणल्या होत्या.

कोंबडी कुरकुरली. पट्टी बोलली, "जागा कोरडी आहे. वारा खेळतो. पण म्हातारी ओरडली की अंडं आतच अडतं."

"कोंबड्या राहतील," बाई म्हणाल्या. "तुम्ही मात्र खुराड्यापासून लांब राहायचं."

"माझ्या दारात मलाच? थांब, या सटवीची मानच..." हौसाक्का कडाडल्या.

सगळ्या कोंबड्यांनी अंग चोरलं. त्यांच्याबरोबर रेश्मानंही.

हौसाक्कांना ते दिसलं, आणि पुढची शिवी आतच अडली.