पाच फाउल

दोन वर्षं समाधान कॉलेजच्या बास्केटबॉल संघाबरोबर फिरत होता, पण बाकावरून उठायचा तो पाण्याच्या बाटल्या द्यायलाच. आज काशीगावच्या कोर्टवर संघाचे प्रशिक्षक जितेंद्र सरांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

"अरे, बाकडं उठलं रे!" मागून एक जण ओरडला.

"तो अकरा नंबर आपल्याला रडवतोय," सर त्याच्या कानाशी म्हणाले. "पाच फाउल झाल्याशिवाय पंच तुला बाहेर काढत नाहीत. पाचही त्याच्यावर घाल. उभा राहता कामा नये."

"म्हणजे पाच होईपर्यंत मी खेळायचं ना, सर?"

"जा म्हटलं ना!"

गोडदेवहून त्याची आई हाफ डे टाकून सामना बघायला आली होती. अकरा नंबर बॉल घेऊन उडाला, तसा समाधानही उडाला आणि सगळा जीव एकवटून त्याने कोपर त्या पोराच्या तोंडावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला. पोरगा फरशीवर आपटला. नाकातोंडातून भळाभळा रक्त वाहू लागलं. पंचांना ती बॉलसाठीची झटापट वाटली. त्यांनी एकच फाउल दिला. दोघांनी अकरा नंबरला उचलून बाहेर नेलं.

समाधानने आईकडे बघायचं टाळलं. आता नीट खेळायचं, तिला एक तरी बास्केट करून दाखवायची, असं त्याने ठरवलं. तेवढ्यात सरांनी त्याला हाताने बाहेर बोलावलं.

"सर, माझे अजून चार फाउल बाकी आहेत!"

"ज्याच्यासाठी होते, तो गेला ना," सर म्हणाले. "बस खाली."