शांत नाडीचं कुलूप

"मॅडम, नाडी एकशे अठरा. कुलूप पुन्हा नाही म्हणतंय," तावरे म्हणाला. "आता एकदाच हात लावता येईल. नंतर थेट उद्या."

शालन भोईटेंनी काचेवरून हात काढला. सकाळच्या सायबर हल्ल्यानंतर देशाच्या साऱ्या सरकारी नोंदी या तळघरात आपोआप बंद झाल्या होत्या. यंत्रं देशी, कुलूपही देशी. गळ्याला सुरी लावून कुणी किल्लीदाराचा हात वापरू नये, म्हणून घाबरलेल्या नाडीला ते उघडतच नसे. हा नियम शालनताईंनीच हट्टानं करून घेतला होता.

गेटवर दोघांनी फोन जमा केले, त्याच्या जरा आधी त्यांच्या जावयाचा निरोप आला होता. त्यांच्या लेकीचं, केतकीचं बाळंतपण अडलं होतं, रक्त फार गेलं होतं. तिचा रक्तगट बॉम्बे, हजारोंत एखाद्याचा. असे रक्तदाते कुठं राहतात, ते फक्त या कुलपाआड नोंदलेलं होतं.

"शांत होऊ तरी कशी रे?"

तावरे पाणी आणायला दाराबाहेरच्या माठापाशी गेला आणि रिकाम्या हातानं धावत आला. "मॅडम, जावयांचा फोन आला! रक्त मिळालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप!"

शालनताई आधी रडल्या, मग हसल्या. पाच मिनिटांनी त्यांनी काचेवर हात ठेवला. नाडी अठ्ठ्याहत्तर. कुलूप उघडलं.

"बाळाचं वजन काही म्हणाले का रे?"

तावरेनं मान वर केली नाही. कीबोर्डवर त्याची बोटं भराभर चालत होती. "बॉम्बे गटाचे अकरा जण आहेत, मॅडम. सगळ्यात जवळचा साताऱ्यात."

तेव्हा शालनताईंना आठवलं. फोन दोघांचेही गेटवर होते.