भाषणाच्या वेळी

"उठा, आपल्या जवानांसाठी!" मंत्री माइकवर गरजले आणि संगीत महोत्सवाचा अख्खा मांडव उभा राहिला.

बाबा स्वतः लढाईवर जाऊन आलेले. तरी दरवर्षी भाषण सुरू झालं की गुपचूप बाहेर पडायचे. कुठे जातात, हे विचारायचं राहूनच गेलं. यंदा सीमेवर पुन्हा युद्ध होतं आणि बाबा नव्हते. त्यांची शाल पांघरून मीच निघाले.

चहावाल्यानं शाल ओळखली. "फौजीकाकांच्या कन्या ना? ते तिकडं बसायचे, कनातीपाशी."

कनातीपलीकडे तंबोरा जुळवणाऱ्या बाईंना फटीतून शाल दिसली असावी. "आलात काका? ऐका बरं, लागला का?"

मागे घोषणा दुमदुमत होत्या. मी डोळे मिटून ऐकलं.

"अजून किंचित वर," मी म्हणाले.

पलीकडचा हात थांबला. मग खुंटी हळूच फिरली.