थोरांचं बालपण

पहिल्या वाढदिवशी, बाळ पुढे कोण होणार हे पाहण्यासाठी रिवाजाप्रमाणे समोर मांडलेल्या वस्तूंमधून सोल्बीनं दोरा, पैसे सोडून पेन्सिल उचलली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिच्या आईनं, मिग्योंगनं, थोर माणसांच्या चरित्रांचा अख्खा संच घरात आणला. तेव्हापासून घरात एकच घोषा, "नुसतं वाचू नकोस गं, यांच्यासारखी होऊन दाखव!"

आता सोल्बी आठ वर्षांची होती. बाबा अतिदक्षता विभागात होते आणि ती बाहेरच्या बाकावर शांतपणे चरित्र वाचत होती. पोरीचा धीर बघून मिग्योंगला भरून येई.

डॉक्टर येऊन म्हणाले, "धोका टळला."

मिग्योंग रडत-हसत लेकीकडे धावली. "सोल्बी, बाबा घरी येणार!"

सोल्बीचा चेहरा पडला.

"पण आई, या सगळ्यांचे बाबा तर लहानपणीच वारले होते. मग मी आता थोर कशी होणार?"