दुरुस्तीचं टेबल

"आपली संस्था नेमकं काय करते? एका वाक्यात सांगायचं," सल्लागार म्हणाला. सकाळपासून हे पाचव्यांदा. भिंतीवरच्या पडद्यावर तोवर उभारी, आत्मसन्मान, स्वप्नं, झेप असे शब्द गोळा झाले होते आणि टेबलाभोवतीची मंडळी त्यांच्याकडे नातवंडांकडे बघावं तशी कौतुकानं बघत होती.

संस्था कृत्रिम पाय फुकट बसवून देते, एवढं सांगायला खरं तर चहाच्या आधीच जमायला हवं होतं, असं पायवालीला वाटलं. पायवाली म्हणजे तळमजल्यावरची कारागीर. गेली एकोणीस वर्षं ती पाय बनवते, बसवते आणि मुख्य म्हणजे दुरुस्त करते. तिला नावानं हाक मारणारं आता तिच्या घरातही कुणी उरलं नसावं. आज ध्येयवाक्य ठरवायचं, त्यासाठी तळागाळातला अनुभव हवा, म्हणून तिला हातातलं काम टाकून वर बोलावलं होतं. खाली एक रंगारी बाकावर बसला होता. त्याच्या पायाच्या घोट्याचा बोल्ट शिडीवर असताना तुटला होता आणि तो पाय तिच्या टेबलावर उघडा पडला होता. ती परत जाईपर्यंत त्या माणसाला उठून पाणीसुद्धा पिता येणार नव्हतं.

अनुभव मात्र तिला कुणी विचारलाच नाही. अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे संस्थापकांच्या सुनेनं, डोळे मिटले आणि एक वाक्य सांगितलं. सल्लागारानं ते टाइप केलं: 'पहिल्या पावलापासून स्वप्नांच्या झेपेपर्यंत, आयुष्यभर तुमच्यासोबत.' टाळ्या पडल्या. खजिनदारांच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि पुढचा विषय वाचला. ध्येय पक्कं झालं की ध्येयाबाहेरचं बंद करायचं, असं आधीच ठरलेलं होतं. तेव्हा दुरुस्तीचं टेबल येत्या एक तारखेपासून बंद. दुरुस्तीला येणारा माणूस अहवालात एकदा येऊन गेलेला असतो, त्याला पुन्हा नवा लाभार्थी म्हणून दाखवता येत नाही. त्या जागी देणगीदारांसाठी फोटोंचं दालन करायचं होतं. रंगही पसंत करून झाला होता.

पायवालीला आधी वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय म्हणजे काय भिंतीवर लावायची तसबीर आहे? माणूस त्यावर जिने चढतो, बसच्या मागे धावतो, धडपडतो. बोल्ट तुटतात, पट्टे कुजतात, माणूस जरा बारीक झाला की उरलेला पाय जिच्यात बसतो ती वाटी सैल होते आणि कातडं सोलवटून निघतं. वर्षातून एकदोनदा ज्याला त्याला तिच्या टेबलाशी यावंच लागतं. हे या खोलीत एकालाही ठाऊक नव्हतं का? सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचाच तिला जास्त संताप आला.

खाली बसलेल्या रंगाऱ्याला पुढच्या वेळी काय सांगायचं, असं तिनं विचारलं. नव्या पायासाठी नाव नोंदवू दे, अध्यक्षीणबाई अगदी मायेनं म्हणाल्या. पण एका माणसाला एकदाच पाय मिळेल, हा नियम त्यांच्याच सहीनं खालच्या दारावर लावलेला होता. पायवालीनं त्याची आठवण करून दिली. कुणी पाण्याचा ग्लास उचलला, कुणी मोबाइल.

"मग बाहेरून करून घेईल," खजिनदार म्हणाले.

"बाहेर म्हणजे कुठं? सायकलच्या दुकानात?"

हा टोमणा होता. खजिनदारांनी मात्र त्यावर मनापासून विचार केला. "चालेल की. शेवटी नट-बोल्टचंच काम आहे ना ते."

पायवाली उठली. एकोणीस वर्षांत तिनं या खोलीत आवाज चढवला नव्हता, तो आताही चढला नाही. ती सल्लागाराकडे वळली.

"लिहा. आम्ही पाय देतो. मोडला तर सायकलच्या दुकानात जा."

सल्लागार बिचारा सकाळपासून जो जे सांगेल ते टाइप करत आला होता. याही वेळी त्याची बोटं आपसूक चालली. पडद्यावर त्या आयुष्यभराच्या सोबतीखाली पायवालीचं वाक्य उमटलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. वाचल्याशिवाय कुणाचीच सुटका नव्हती.

"पुसा ते," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आणि ताई, तुम्ही जरा बाहेर बसा. थोडा चहा घ्या, बरं वाटेल."

मला काही झालेलं नाही, खाली माणूस खोळंबलाय, असं सांगून पायवाली दाराकडे निघाली. उद्या आपण कामावर असू की नसू, हे तिला माहीत नव्हतं आणि त्या क्षणी त्याची फिकीरही नव्हती.

मागे सल्लागाराचं बोट कीबोर्डवर तसंच थांबलं होतं. तो बाहेरचा माणूस, तीन दिवसांसाठी बोलावलेला. त्याला ना पायाशी घेणं, ना टेबलाशी देणं. त्यानं आधी वरचं वाक्य वाचलं, मग खालचं, मग पुन्हा वरचं.

"ही दोन्ही एकाच संस्थेची असू शकत नाहीत," तो म्हणाला. "कुठलं पुसू?"