न फोडलेली पाकिटं

मुलीच्या खोलीतली भिंत ओली दिसली, म्हणून मागचा पाइप बघायला तिच्या प्लंबर बापाने तिचं कपाट ओढलं. दार आपोआप उघडलं आणि पॅडची पाकिटं धडाधड त्याच्या पायांवर पडली. एकही फोडलेलं नव्हतं. बायको गेल्यापासून दर महिन्याच्या सामानात, साबणाच्या शेजारी, तो न बोलता एक पाकीट ठेवत आला होता. ती ठेवायची तसंच.

मुलगी दारातच उभी होती.

"लागत नाहीत?"

"पाळी येतच नाही, बाबा. आई गेल्यापासून."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही इतक्या नेमाने आणत होता. जीभच रेटली नाही." ती भिंतीकडे बघत राहिली. "आईचं दुखणंही पाळीपासूनच सुरू झालं होतं ना?"

त्याच्याने पाइपला हात लाववला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि आधी तेच सांगितलं, "आईला होती तसली गाठ इथे कुठे दिसत नाही." मुलीने बाबांचं मनगट धरलं होतं, ते सोडलं.

"पाळीचा हुकूम मेंदूतून सुटतो. मग अंडाशयं हार्मोन्स बनवतात. माणूस दुःखात असलं, पोटभर जेवेनासं झालं, की कधी कधी मेंदू हुकूम देणंच थांबवतो. जेवतेस का नीट?"

"कुठली! चिमणीएवढं खाते," प्लंबर म्हणाला.

"आणि तुम्ही? उभ्याउभ्या दोन घास कोंबता नि पळता," मुलगी उलटून म्हणाली.

तो जरा विचारात पडला. "म्हणजे पाइप धड आहे, वरचा कॉक बंद झालाय."

"बाबा!" मुलीने तोंड ओढणीत लपवलं.

"तसंच समजा," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण हा पान्याने सुटायचा नाही. दोघांनी बसून जेवायचं. थायरॉइड वगैरेसाठी रक्तही तपासू."

त्या संध्याकाळी तो ताटावर बसला आणि तिचं संपेपर्यंत उठला नाही. तिने पुन्हा वाढून घेतलं.

"आई असती तर तुमच्या कॉकवर आठवडाभर हसली असती."

"सगळ्या गल्लीला सांगितलं असतं तिने," तो म्हणाला, आणि दोघंही तोंडात घास असताना हसली.

रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. पाळी अजून आली नव्हती.